तेवीस लिटरांचा धीर

वाइनच्या किटचं खोकं उचलताना कंबर सांभाळावी लागते, हे दुकानात कोणी सांगत नाही. पहिलं खोकं मी ओंटारिओतल्या एका थंडगार शनिवारी घरी आणलं आणि तळघरात नेऊन फोडलं. आत द्राक्षाचा एक मणीही नव्हता. जाड पिशवीत काकवीसारखा दाट रस होता, सोबत यीस्टची पाच ग्रॅमची पुडी, राखाडी मातीची एक पुडी, पांढऱ्या भुकटीच्या दोन, ओकच्या लाकडाचा भुसा आणि घडी घातलेला एक कागद. हे सगळं पाण्यात मिसळून तेवीस लिटर करायचं आणि तीसेक बाटल्या भरायच्या, असं त्या कागदावर लिहिलं होतं. जेवायला आलेल्या एका मित्राने विचारलं, "ही वाइन, की रसनासारखी पूड घालून केलेलं सरबत?"

त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज देता येतं, आणि हे पुस्तक त्यासाठीच लिहिलं आहे. आपण घरी दही लावतो तेव्हा गाय पाळत नाही. दूध विकत आणतो, विरजणही शेजारून मागतो. तरी दह्याला घरचं म्हणतो, आणि ते बिघडलं तर दोष आपल्याकडेच येतो. किटचंही तसंच आहे. द्राक्षं कुठे पिकली, कधी तोडली, त्यांत साखर किती आणि आंबटपणा किती, हे सारे प्रश्न दुसऱ्या कोणीतरी आधीच सोडवून ठेवलेले असतात. तुमच्या वाट्याला तीन गोष्टी उरतात: भांडी स्वच्छ ठेवणं, मोजणं आणि थांबणं. पहिल्या दोन आठवडाभरात जमतात. तिसरी मला अजून नीट जमलेली नाही.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलून घेऊ. कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिकेत स्वतःच्या घरी पिण्यापुरती वाइन करायला मोकळीक आहे, विकायला नाही. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने वर्षाला एकट्या प्रौढाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे. हे इतकं जास्त आहे की त्या मर्यादेला पोचणाऱ्या माणसाला या पुस्तकाची नव्हे, डॉक्टरची गरज आहे. ओंटारिओत आणखी एक सोय आहे. परवाना असलेल्या दुकानात जाऊन तिथेच वाइन लावता येते. महिनाभर भांडं दुकानदार सांभाळतो, पण यीस्ट मात्र ग्राहकाने स्वतःच्या हाताने टाकायचं, असा नियम आहे. वाइन कोणाची हे विरजण घालणारा हात ठरवतो, हा विचार मला फार मराठी वाटतो. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी मात्र हे पुस्तक फक्त वाचण्यापुरतं आहे. तिथे १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, आणि घरगुती वाइनही त्यात येते. गावी सुट्टीवर जाताना बॅगेत किट टाकून नेऊ नका.

किट ही अलीकडची टूम आहे असा समज असतो. तिचं मूळ अमेरिकेच्या दारूबंदीत सापडतं. १९२० ते १९३३ या काळात तिथे दारू विकणं बंद होतं, पण कायद्यातल्या एका कलमाने घरच्या घरी फळांचा रस करायला सूट ठेवली होती. कॅलिफोर्नियातून द्राक्षांनी भरलेल्या आगगाड्या शिकागो-न्यूयॉर्ककडे धावू लागल्या. द्राक्षाचा रस आटवून त्याच्या विटाही विकल्या जात. त्यांच्यासोबत एक इशारा असे, अशी गोष्ट सांगितली जाते: ही वीट पाण्यात विरघळवून वीस दिवस कपाटात ठेवू नका, नाहीतर तिची वाइन होईल! सूचनापत्रक लिहिण्याची याहून हुशार रीत मी पाहिलेली नाही.

ब्रिटनमध्ये वेगळी गोष्ट घडली. १९५३मध्ये साखरेवरचं रेशन उठलं आणि लोकांनी परसातल्या एल्डरच्या फुलांपासून बीटापर्यंत जे हाताला लागेल ते आंबवायला घेतलं. सी. जे. जे. बेरी यांचं 'फर्स्ट स्टेप्स इन वाइनमेकिंग' १९६०मध्ये आलं आणि ते कितीतरी घरांत स्वयंपाकाच्या पुस्तकाशेजारी जाऊन बसलं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर द्राक्षांचा आटवलेला रस आणि साहित्य एकत्र विकण्याचा धंदा उभा राहिला, त्यात व्हँकुव्हरच्या स्टॅन्ली अँडरसन यांचं नाव घ्यावं लागतं. त्यांच्या वाइनच्या पुस्तकाचे सहलेखक रेमंड हल. हेच हल 'द पीटर प्रिन्सिपल'चेही सहलेखक. माणसाला बढती मिळत मिळत तो आपल्या कुवतीपलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसतो, हा त्या पुस्तकाचा सिद्धांत. दोन किट नीट जमले की ताज्या द्राक्षांच्या वीस पेट्या आणणारे हौशी लोक मी पाहतो, तेव्हा मला हल यांची आठवण होते.

त्यात माझाही नंबर होता. मी निफाडकडचा, द्राक्षबागेच्या कडेने वाढलेला. मला वाटायचं, किट कशाला? इथे शेजारी एक इटालियन आजोबा आहेत, ते दर सप्टेंबरला पेट्या आणतात आणि गॅरेजमध्ये द्राक्षं चिरडतात. मीही दुकानातून थॉम्पसन सीडलेस आणली आणि चिरडली. झालं ते आंबटही नव्हतं, गोडही नव्हतं, नुसतं पाणचट. आजोबांनी एक घोट घेतला, खांदे उडवले आणि आपल्या बाटलीकडे वळले. चूक साधी होती. खायची द्राक्षं आणि वाइनची द्राक्षं ही वेगळी कुळं आहेत. खाण्यासाठी मोठा मणी, पातळ साल आणि बिनबियांचा गर हवा. वाइनला लहान मणी, जाड साल, बिया, बरीच जास्त साखर आणि तिला पेलणारा आंबटपणा हवा. ज्या वेलीने आमच्या गावाला पैसा दिला तिच्याकडून मी भलतीच अपेक्षा करत होतो. त्यानंतर मुकाट्याने किटकडे परत आलो.

आंबवलेलं द्राक्ष आपल्या घरांना अनोळखी नाही. द्राक्षासवाची बाटली कितीतरी घरांत औषधाच्या कप्प्यात असे, आणि "पोरांना एक चमचा" म्हणताना कोणाला त्यातल्या मद्याची आठवण होत नसे. आसव-अरिष्टांची कृती काढून पाहा. काढा किंवा रस, त्यात गूळ वा मध, वर धायटीची फुलं. तूप माखलेल्या मडक्यात भरून तोंड लिंपायचं आणि धान्याच्या राशीत महिनाभर ठेवायचं. त्या फुलांबरोबर यीस्ट येतं. धान्याची रास ऊब एकसारखी ठेवते. आंबणं पुरं झालं की नाही हे पाहायला वैद्य मडक्याला कान लावत, आत आवाज येतो का ऐकत. तोंडाशी पेटती काडी धरली आणि ती विझली, तर आत अजून काम चालू आहे. किट लावतानाही याच गोष्टी लागतात. फुलांच्या जागी पुडी आली, धान्याच्या जागी गरम पट्टा आणि कानाच्या जागी काचेची नळी.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या सगळ्या सूचनांचं कारण तिथे आहे. यीस्ट साखर खातं आणि तिचं मद्य व कार्बन डायऑक्साइड करतं. यीस्ट हा जिवंत जीव आहे आणि आंबणं हे त्याचं काम आहे, हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं. वाइनवरचा त्याचा ग्रंथ १८६६चा. हिशेब असा की १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्य आणि ८८ ग्रॅम वायू होतो. म्हणजे जवळपास अर्धी साखर हवेत जाते. तेवीस लिटरांच्या एका किटमध्ये पाचेक किलो साखर धरली, तर दोन किलोंहून जास्त वायू सुटतो, आकारमानाने हजार लिटरांच्या वर. म्हणून खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवायची. म्हणून भांड्याच्या तोंडाशी एअरलॉक लावायचा, ज्यातून वायू बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. आणि म्हणूनच काम संपल्याची खात्री झाल्याशिवाय बूच मारायचं नाही.

ही शेवटची गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. जानेवारी होता, तळघर चौदा-पंधरा अंशांवर. बाराव्या दिवशी एअरलॉकमधले बुडबुडे थांबले. मला वाटलं, काम झालं. कागदावर मोजायला सांगितलं होतं, ते मी वाचलंही होतं, पण काचेची ती नळी धुऊन काढायचा कंटाळा आला. वाइन निवळू दिली, पुड्या टाकल्या, एकोणतीस बाटल्यांत भरली आणि बुचं ठोकली. मे महिन्यात हवा तापली. एका रात्री खालून फटाक्यासारखा आवाज आला. सकाळपर्यंत सहा बुचं उडाली होती आणि तळघराच्या छतावर जांभळे डाग होते, ते घर विकेपर्यंत तिथेच होते. थंडीत यीस्ट मेलं नव्हतं, आखडून बसलं होतं. साखर शिल्लक होती. ऊब मिळताच त्याने बाटलीत काम पुन्हा सुरू केलं. पुडीतलं पोटॅशियम सॉर्बेट यीस्टला मारत नाही, नवी पिढी वाढू देत नाही इतकंच. आधीपासून हजर असलेली फौज आपलं काम करतच राहते.

ज्या नळीचा मी कंटाळा केला ती म्हणजे हायड्रोमीटर. दूध डेअरीत घालणाऱ्या घरातल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही, कारण ती लॅक्टोमीटरची सख्खी बहीण आहे. साखर जास्त तर नळी वर तरंगते, साखर सरत गेली की खाली बुडते. साध्या पाण्यात आकडा १.००० येतो. किट पहिल्या दिवशी १.०८० ते १.१०० दाखवतो. आठवडाभराने तो १.०१०च्या खाली उतरला की बादलीतून काचेच्या बुधल्यात, म्हणजे कार्बॉयमध्ये, वाइन नळीने ओढून घ्यायची आणि गाळ मागे सोडायचा. शेवटी आकडा ०.९९६ किंवा त्याहून खाली यायला हवा. पाण्याहून कमी कसा, असं पहिल्यांदा वाटतं. मद्य पाण्याहून हलकं असतं, म्हणून. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांमधला फरक १३१ने गुणला की मद्याची टक्केवारी मिळते. १.०९०पासून ०.९९५पर्यंत उतरलं तर साडेबारा टक्क्यांच्या आसपास. आणि दोन दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला, तरच काम संपलं असं समजायचं. बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नये.

स्वच्छतेवर पुढे पूर्ण प्रकरण आहे, इथे एवढंच सांगतो. कैरीच्या लोणच्याच्या बरणीला ओला हात लावणाऱ्याला ज्या घरात बोलणी बसतात, त्या घरातल्या माणसाला हे प्रकरण सोपं जाईल. फरक एकच. लोणच्याला मीठ आणि तेल राखतं, इथे पहिले दोन दिवस राखणदार कोणी नसतो. यीस्ट जोर धरेपर्यंत चमचा, झाकण, नळी, तुमची बोटं, सगळंच संशयित. आधी धुवायचं, मग पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्याने किंवा त्यासाठी मिळणाऱ्या द्रावणाने निर्जंतुक करायचं. ही दोन वेगळी कामं आहेत. कपड्यांचं ब्लीच वापरू नका. क्लोरीन आणि बूच यांची गाठ पडली तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास धरतो आणि तो काही केल्या जात नाही. दम्याचा त्रास असलेल्यांनी सल्फाइटच्या पुडीवर वाकून वास घेऊ नये.

राखाडी मातीची पुडी म्हणजे बेंटोनाइट, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली चिकणमाती. वाइन गढूळ ठेवणारी प्रथिनं ती धरून तळाशी बसते. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी हंड्यात भरलं की आपण तुरटी फिरवायचो, आणि त्याआधीच्या पिढ्या हंड्याच्या आतून निवळीची बी उगाळायच्या. काम तेच. शेवटी टाकायच्या निवळणाऱ्या द्रव्यांबद्दल मात्र शाकाहारी वाचकांना सांगायलाच हवं, कारण दुकानदार सांगत नाहीत. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात आणि आयसिंग्लास माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून. ते तळाशी बसतं, गाळाबरोबर मागे राहतं, हे खरं. तरी ज्याला नको त्याला नको. ती पुडी टाकू नका आणि दोन-तीन महिने जास्त थांबा. वाइन बहुतेकदा आपोआप निवळते.

मग एक काम येतं, त्यात मराठी हात चांगले चालतात. आंबणं संपलं तरी वाइनमध्ये वायू विरघळलेला राहतो आणि जिभेला चुणचुण लागते. तो काढायला लांब दांड्याने जोरात ढवळावं लागतं. लोक दोन मिनिटं ढवळतात आणि दमून सोडतात. माझ्या आईने इथल्या मुक्कामात ते पाहिलं, दांडा माझ्या हातातून घेतला आणि रवीने ताक घुसळावं तसं पंधरा मिनिटं घुसळलं. फेस येऊन येऊन थांबला तेव्हाच थांबली. ती स्वतः वाइन पीत नाही. त्या वर्षीची रिस्लिंग ही पांढरी वाइन माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली.

आता खोक्यावरचा दावा. चार आठवडे, सहा आठवडे, आठ आठवडे असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ते बाटलीत भरण्यापर्यंतचे आठवडे आहेत, पिण्यापर्यंतचे नव्हेत. भरल्या दिवशी किटची वाइन कच्च्या मुरंब्यासारखी लागते, चवी सगळ्या असतात पण एकमेकींशी बोलत नाहीत. पांढरीला तीन महिने द्या, लाल वाइनला निदान सहा, आणि रस जास्त असलेल्या महागड्या किटला वर्ष. स्वस्त किटमध्ये पाच-सहा लिटर रस असतो आणि बाकी पाणी. महागात सोळा-अठरा लिटर रस, कधी सोबत द्राक्षांच्या सालीही. सुरुवात मधल्या किटने करा, आणि पांढऱ्या वाइनने. माझं मत ठाम आहे. लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि अंग हे सालीतून येतं. रस आटवून पाश्चरीकरण केल्यावर त्यातलं बरंच हरवतं. पांढरीचं नुकसान कमी होतं. ज्याला बोर्दोच्या चांगल्या लाल वाइनशी बरोबरी करायची आहे त्याने किट आणू नये. ज्याला मिसळीबरोबर किंवा कोळंबीच्या कालवणाबरोबर थंड, किंचित गोडसर, घरची पांढरी वाइन हवी आहे, त्याचं समाधान होईल.

दोन भीती मराठी घरांत हमखास निघतात. पहिली विषाची. २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक जीव घेतले, आणि तेव्हापासून घरची दारू म्हटलं की ते चित्र डोळ्यांसमोर येतं. त्या दारूत मिथेनॉल होतं. द्राक्षाचा रस आंबवून मिथेनॉल होतं ते अगदी नगण्य, दुकानातल्या वाइनमध्ये असतं तितकंच. ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावणं, ही वेगळी गोष्ट आहे. ते घरी करायचं नाही, या पुस्तकात त्याबद्दल एक ओळ नाही. दुसरी भीती उलट दिशेची, म्हणजे भीतीचा अभाव. २०२२च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचं ठरवलं, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नव्हे यावर महिनाभर रण माजलं. किट लावणाऱ्याला हा प्रश्न पडू नये. हायड्रोमीटर त्याला साडेबारा टक्के दाखवतो. तीस बाटल्या घरात आल्या म्हणून रोज एक उघडायची नसते, आणि गाडीची किल्ली घेण्याआधी ग्लास मोजायचे असतात. घरात कोणाला व्यसनाचा इतिहास असेल तर हा छंद घरात आणू नका. दुसरे पुष्कळ आहेत.

सामानाची यादी पुढच्या प्रकरणात आहे: तीस लिटरांची झाकणाची बादली, तेवीस लिटरांचा कार्बॉय, एअरलॉक, सायफनची नळी, थर्मामीटर, बूच मारायचं यंत्र. रिकाम्या बाटल्या विकत घेऊ नका, दोन महिने आधी मित्रांना सांगून ठेवा, लागतील त्याहून जास्त दारात येतील. खोली वीस ते चोवीस अंशांवर राहील अशी जागा शोधा. किटवरची तारीख पाहून घ्या, जुना रस काळवंडतो. पहिल्या खेपेतल्या सहा बाटल्यांवर तारीख लिहून त्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा.

आणि हायड्रोमीटर दोन आणा. पहिला फुटतोच.